सकाळच्या गाडीचं पत्र

बारावीच्या वर्गाला मी इंग्रजी शिकवतो. हरसूलच्या पुढे, रस्ता दोन वळणं घेऊन खाली उतरतो तिथल्या एका शाळेला जोडलेलं आमचं कॉलेज आहे. राहायला मी नाशकात, अंबडजवळ. कंपन्यांच्या पहिल्या पाळीचे लोक डबे घेऊन नाक्यावर उभे असतात तेव्हा मी मोटारसायकल काढतो आणि त्र्यंबकच्या रस्त्याने दीड तासात शाळेत पोचतो. पोचेपर्यंत कंबर धरलेली असते आणि डोकं तापलेलं असतं. पहिल्या तासाला जो सापडेल त्याच्यावर ते निघतं, हे मुलांना माहीत आहे आणि मलाही माहीत आहे.

इंग्रजीच्या पेपरात आमची मुलं दोन गोष्टींना घाबरतात. एक म्हणजे न पाहिलेला उतारा. तो वाचून लेखकाला काय म्हणायचंय, का म्हणायचंय आणि ते त्याने कसं मांडलंय हे सांगायचं असतं. दुसरं म्हणजे पटवून देणारं लेखन: आवाहन, भाषण, अधिकाऱ्याला पत्र. घरी एक बोली, शाळेत मराठी, आणि त्यावर ही तिसरी भाषा. त्या तिसऱ्या भाषेत कुणाला काही पटवायचं, म्हणजे पोरांना घामच फुटतो. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्याच्या आधीच्या वर्षी आमची सगळ्यात जास्त मुलं इंग्रजीतच उडाली होती. निकालाचा कागद मिटिंगमध्ये वाचला गेला तेव्हा सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्या माना मी विसरलो नव्हतो. त्या वर्षी मला फक्त निकाल हवा होता, हे आधीच सांगून टाकतो.

फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात मी तीन प्रश्न लिहून ठेवले होते. कोण बोलतंय? कोणाशी बोलतंय? ऐकणाऱ्याने काय करावं म्हणून बोलतंय? कुठलाही उतारा आला की आधी ही तीन उत्तरं शोधायची. पत्र लिहायला घेतलं तरी हेच तीन प्रश्न. कोणी चुकून तो कोपरा पुसला की मी अख्ख्या वर्गाला फैलावर घ्यायचो. मुलं प्रश्न घोकायची आणि उत्तरं गाइडातून उतरवायची. गाइडातलं पत्र होतं ‘आमच्या हाउसिंग सोसायटीतील कचऱ्याची समस्या’. ज्यांच्या पाड्यावर अठरा घरं आणि एक विहीर, ती पोरं सोसायटीच्या गेटजवळ साचलेल्या कचऱ्याबद्दल आयुक्तांना कळवळून लिहायची. मी वैतागायचो, पण थांबवायचो नाही, कारण त्या पत्राला गुण मिळत होते.

खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. अकरा किलोमीटरवरच्या पाड्यावरून यायची, आणि त्या पाड्यावरून बारावीपर्यंत आलेली ती एकटीच. फार हुशार होती असं मी म्हणणार नाही. काळांमध्ये गोंधळ करायची, स्पेलिंग तर देवाच्या भरवशावर. पण उतारा वाचून झाला की ती भलतंच विचारायची. एकदा नदीकाठच्या गावाबद्दलचा उतारा होता. तिने विचारलं, “सर, हे ज्यानं लिहिलंय तो तिथंच ऱ्हातो का वो?”

मी म्हटलं, “त्याचा परीक्षेशी काही संबंध नाही.”

ती खाली बसली. तो खरं तर पहिल्या प्रश्नाचाच भाग होता. हे मला त्याच दिवशी घरी जाताना घाटात लक्षात आलं, पण दुसऱ्या दिवशी वर्गात बोलून दाखवायचा मोठेपणा माझ्यात नव्हता.

दिवाळीनंतर तिच्या पाड्याच्या फाट्यावरून येणारी सकाळची बस बंद झाली. कारण कुणी सांगितलं नाही, एक दिवस ती आलीच नाही एवढंच. मुलगी मग मोठ्या रस्त्यापर्यंत चालत यायची आणि जीप भरली की त्यातून शाळेत. कधी नऊ, कधी साडेनऊ. माझा तास आठला. दोनदा मी तिला दाराबाहेर उभं केलं. “गाडी बंद झाली सर,” ती म्हणाली. मी म्हटलं, “मग लवकर निघायचं.” वसतिगृहातल्या जागा भरलेल्या होत्या, आणि घरी आई अंथरुणाला खिळलेली. सकाळचं सगळं आवरूनच तिला निघता यायचं. हे मला शिपाईमामांनी नंतर सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

डिसेंबरात वरून उपक्रमांचा कागद आला. प्रत्येक विषयाने प्रत्यक्ष जीवनाशी जोडलेला एक उपक्रम घ्यायचा, त्याचा फोटो काढायचा आणि फाइलला लावायचा. आमच्याकडे उपक्रम म्हणजे फोटो. फोटो असला की उपक्रम झाला. मी नाशकातून लिफाफ्यांचा गठ्ठा आणला आणि मुलांना सांगितलं, “आपल्या गावची एक खरी अडचण घ्या आणि त्या खात्याच्या अधिकाऱ्याला इंग्रजीत पत्र लिहा. असं लिहा की वाचून त्याला उठावंच लागेल.” असं जोरात बोलताना मला बरं वाटलं होतं. चाळीसातल्या बत्तीस जणांनी सोसायटीचा कचराच लिहून आणला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ग्रामपंचायतीजवळच्या टपालपेटीपाशी नेलं. मागे फलक धरला, शिपाईमामांच्या हातात मोबाइल दिला. पुढे कोण, तर ती मुलगी, कारण ती त्या दिवशी वेळेवर आली होती आणि तिचा गणवेश स्वच्छ होता. तिने लिफाफा पेटीच्या तोंडाशी धरला. पहिला फोटो हलला, दुसऱ्यात फलक उलटा आला, तिसरा जमला. फोटो झाल्याबरोबर ती लिफाफा आत सोडायला लागली.

“थांब,” मी म्हटलं. “तिकिटं कुठे लावलीत? द्या सगळी इकडे. मी तिकिटं लावून टाकतो.”

बाकीच्यांनी पटापट लिफाफे माझ्या हातात कोंबले आणि पळाले. ती थांबली.

“नक्की ना सर?”

“अगं हो.”

तिने लिफाफा दिला. तो तिने शिजलेल्या भाताच्या शितांनी चिकटवला होता आणि कडेला दोन शितं वाळून कडक झाली होती. माझ्या बोटांना ती लागली. तिकिटं आणायचा माझा विचारच नव्हता. पत्रं तपासायची होती आणि फाइलला लावायची होती. पण ते तिथे उभं राहून समजावत कोण बसणार, म्हणून मी ‘हो’ म्हणालो. एवढंच झालं. यात कुठलाही डाव नव्हता, आणि तीच गोष्ट मला जास्त छळते.

स्टाफरूममध्ये लाल पेन घेऊन बसलो. कचऱ्याची बत्तीस पत्रं झाल्यावर तिचं आलं. आगारातल्या साहेबांना लिहिलं होतं. इंग्रजी मोडकंतोडकं, पण मला ते आज जवळजवळ पाठ आहे. मराठीत सांगायचं तर असं:

‘साहेब, आमच्या फाट्यावरून प्रवासी नाहीत असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल. ते खोटं नाही. सकाळी मी एकटीच बसत होते. एका मुलीसाठी गाडी पाठवणं परवडत नाही, हे मला समजतं. पण पाड्यावर दोन मुली आता दहावीत आहेत. जूनमध्ये त्यांना कॉलेजला पाठवायचं की नाही, हे त्यांचे वडील गाडी बघून ठरवतील. गाडी नसली तर घरात कोणी विचारणारसुद्धा नाही. म्हणून ही गाडी माझी एकटीची नाही. मी रोज सकाळी साडेसहाला फाट्यावर असते. तुम्ही गाडी पाठवाल त्या दिवशीही मी तिथेच असेन. ती रिकामी जाणार नाही.’

खाली तिचं पूर्ण नाव, पाड्याचं नाव, तालुका.

आपल्या विरुद्धचा मुद्दा आधी मान्य करायचा आणि मग त्यातूनच आपली बाजू उभी करायची, हे मी वर्षभर घसा फोडून सांगत होतो. चाळीस जणांत तिला एकटीलाच ते जमलं होतं. मी काय केलं? काळ चुकला होता, अर्धा गुण कापला. विषयाची ओळ नव्हती, तिथे अर्धा. आणि स्वतःचं खरं नाव लिहिलं म्हणून आणखी अर्धा कापून खालचा मजकूर लाल पेनाने आडवा खोडला आणि त्यावर लिहिलं: एक्स वाय झेड. बोर्डाच्या पेपरात उत्तरात कुठेही आपली ओळख द्यायची नसते. नाव लिहिलं की उत्तरपत्रिका संशयात जाते. हे मी मुलांना शंभर वेळा सांगितलं होतं. खोडताना मला तिचा रागच आला होता. पाचापैकी साडेतीन दिले, कागद पुन्हा लिफाफ्यात घातला आणि गठ्ठा फाइलसकट लोखंडी कपाटात टाकला.

आठ-दहा दिवसांनी ती मला व्हरांड्यात भेटली. माझ्या हातात पूर्वपरीक्षेच्या प्रश्नपत्रिका होत्या.

“सर, साहेबाला मिळालं असंल का वो?”

मला आठवायला एक क्षण लागला. आठवलं तेव्हा तरी सांगायचं ना, की बाई, ते पत्र कपाटात आहे, चल, आत्ता जाऊन टाकू. पण तसं सांगितलं की मी खोटं बोललो हे उघडं पडणार. मी म्हटलं, “मिळेल गं. ऑफिसचं काम आहे, वेळ लागतो. तू अभ्यासाकडे बघ.”

ती बरं म्हणाली. त्यानंतर ती वर्गात आली ती दोन-तीनदाच. जानेवारीच्या पूर्वपरीक्षेला तिच्या नावापुढे मी ‘गैरहजर’ लिहिलं. खरं सांगतो, लाज सोडून सांगतो, तेव्हा माझ्या मनात आलं की ही बसलीच नाही तर नापासातली एक कमी होईल. निकालाची टक्केवारी बसलेल्यांचीच काढतात.

फेब्रुवारीत हॉल तिकिटं छापून आली. सगळ्यांनी नेली, तिचं राहिलं. परीक्षा दोन दिवसांवर आली तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, “सर, तुमच्याकडे मोटारसायकल आहे, देऊन या.” मी कुरकुरत निघालो. फाट्यावरून आत तीन किलोमीटर कच्चा रस्ता. तिचे वडील अंगणात बांबू चिरत बसले होते. मला बघून उठले, पाणी दिलं, घोंगडी अंथरली. आतून आईच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

“पोरगी नाय सर,” ते म्हणाले. “बागंवर गेली, दिंडोरीकडं. द्राक्षं खुडायला. टोळीसंगं गेली पंधरा दिस झालं.”

मी म्हटलं, “परवा परीक्षा आहे तिची. असं कसं पाठवलंत?”

माझा आवाज चढला होता. ते शांतपणे बांबूकडे बघत बोलले. “मी नाय पाठवली. तीच म्हनाली जाते. त्याच्या आधी लय दिस फाट्यावर जायची वो. साडेसहाला जायाची अन् ऊन चढलं का माघारी. मी म्हनायचो, जीपीनं जा. तं म्हनं, नाय. सायबाला लिवून दिलंय मी तिथंच असन म्हनून. गाडी आली अन् मी नसले तं रिकामी जाईल, मंग कायमची बंद करतील. थंडीत उभी ऱ्हायाची. मंग एक दिस म्हनाली, आता नाय येत गाडी. अन् टोळीत नाव दिलं.”

मी खिशातलं हॉल तिकीट चाचपलं.

“चिठ्ठी तुम्हीच टाकली व्हती ना सर?” त्यांनी विचारलं. त्यात आरोप नव्हता. माझ्यासारखा शिकलेला माणूस मध्ये पडूनही गाडी आली नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं.

मी मान हलवली. कशी हलवली, होकाराची की नुसतीच, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी ती होकाराची धरली.

मुकादमाचा नंबर घेतला. फाट्यावर येऊन रेंज मिळाल्यावर फोन लावला, तर तो म्हणाला टोळी कालच निफाडकडे हलली, कोणत्या बागेत ते मालक सांगेल, मालकाचा फोन बंद आहे. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून निफाडच्या बाजूला फिरलोही. पण बागा का एक-दोन आहेत? वेलींखाली डोक्याला फडकी बांधलेल्या पोरी सगळ्या सारख्याच दिसत होत्या. तीन ठिकाणी विचारलं आणि संध्याकाळी घरी आलो. हॉल तिकीट खिशातच होतं.

इंग्रजीचा पेपर पहिलाच. विषयशिक्षकाला केंद्रात जाऊ देत नाहीत, म्हणून मी बाहेर चहाच्या टपरीवर बसलो. पेपर सुटल्यावर मुलं खुशीत बाहेर आली. “सर, पत्र आलं होतं! आम्ही कचऱ्याचंच फिरवून लिहिलं.” मी त्यांना शाबासकी दिली. त्या वर्षी इंग्रजीचा निकाल चांगला लागला.

पेपर झाला त्याच आठवड्यात कपाट उघडून मी तिचा लिफाफा काढला. शितं तशीच होती. घेऊन आगारात गेलो. खिडकीत चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांनी कागद उलगडला आणि आधी त्यावरची लाल शाई बघितली.

“हे तपासलंय कोणी?”

“मी. मी शिक्षक आहे.”

“साडेतीन?” त्या म्हणाल्या, आणि वाचत राहिल्या. वाचून झाल्यावर चष्मा काढला. “अर्जदार कोण? नाव खोडलंय.”

मी नाव सांगितलं. ती आता कॉलेजात नाही, हेही सांगितलं.

“मग तिच्या नावाने घेऊन काय करू? चौकशीला कोणाला बोलवणार? आणि इंग्रजीतला कागद खाली फिरत नाही. तुम्ही मराठीत द्या, शाळेच्या कागदावर, तुमच्या सहीने.” मग कागद परत देत त्या म्हणाल्या, “खरं सांगू का सर, गाडी बंद केल्यावर त्या बाजूने एकही अर्ज आला नाही. एक जरी आला असता तरी साहेबांनी विचार केला असता. आम्हाला वाटलं, कोणाला गरजच नाही.”

मी बाकावर बसून तिचं पत्र वाक्यावाक्याने मराठीत उतरवलं. ‘मी एकटीच’च्या जागी ‘एक विद्यार्थिनी’ घातलं. दहावीतल्या दोन मुली तशाच ठेवल्या. ‘मी तिथेच असेन’ या वाक्यापाशी पेन अडलं. ते वाक्य मी गाळलं. खाली माझं नाव लिहिलं, पद लिहिलं आणि सही केली. बाईंनी आवकचा शिक्का मारला.

जूनमध्ये गाडी सुरू झाली. एवढंच हवं होतं तिला, आणि त्याला एक पत्र पुरलं. पहिल्या दिवशी गाडी शाळेसमोर थांबली तेव्हा मी दारातच होतो. दोन मुली उतरल्या, नव्या दप्तरांच्या, तेल लावून चप्प वेण्या घातलेल्या. तिसरं कोणी उतरेल म्हणून मी गाडी हलेपर्यंत बघत राहिलो. तिचं लग्न मे महिन्यातच झालं होतं, पेठच्या पलीकडे. वडिलांनी पत्रिका पाठवली होती आणि मी गेलो नव्हतो.

पुढच्या आठवड्यात शाळेने माझा सत्कार केला. मुख्याध्यापक म्हणाले, सरांच्या एका पत्राने गाडी परत आली, लेखणीची ताकद बघा मुलांनो. मला शाल दिली, नारळ दिला. उठून सांगायला हवं होतं. पायात बळ होतं, तोंडात जीभ होती, समोर त्या दोन मुली बसल्या होत्या. मी मूग गिळून उभा राहिलो. शिपाईमामांनी फोटो काढला, आणि तो त्याच फाइलमध्ये लागला, टपालपेटीच्या फोटोच्या मागच्या पानावर.

परवा अकरावीच्या वर्गात पत्रलेखन घेतलं. नेहमीसारखं सांगितलं की शेवटी स्वतःचं नाव लिहायचं नाही, नाव लिहिलं तर गुण जातात. गाडीने येणाऱ्या दोघींपैकी एकीने हात वर केला.

“मग सर, ते पत्र कोणी लिवलं हे त्यांना कसं कळनार?”

मी फळ्याकडे वळलो आणि एक्स वाय झेड ही तीन अक्षरं लिहिली. तिने ती वहीत उतरवून घेतली.